छत्तीस फुटांचा हट्ट

गाडीच्या मागे घर जोडून फिरायचं असेल तर ते घर किती फुटांचं असावं? वऱ्हाडात हा प्रश्न विचारला की लोक आधी हसतात. घरासमोर बुलेट उभी करायला जागा नाही आणि हे ट्रेलर घ्यायला निघाले. पण प्रश्न आता खरोखर दारात आला आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर समृद्धी महामार्ग झाला. अमरावती-अकोला रस्ता चौपदरी झाला. आमच्या पिढीच्या फोनवर रात्री साडेअकराला अमेरिकेतले ट्रेलर फिरू लागले. चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, रूम मिळत नाही, आणि ज्याच्याकडे थोडी जमीन, थोडं कर्ज आणि बरीच हौस आहे अशा प्रत्येक पोराला वाटतं की चाकांवरची रूम हाच धंदा.

वाटू दे. त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध फक्त लांबीला आहे. ३६ फूट, ३८ फूट, 'होऊ दे चाळीस' असं जे चाललं आहे, तो शुद्ध मूर्खपणा आहे, आणि त्याची किंमत बनवणाऱ्यापेक्षा दुसरेच लोक मोजतील.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या हुकाला जोडतात, आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखा. फिफ्थ व्हील हा दुसरा प्रकार. त्यात ट्रेलरची मान उंच होऊन पिकअपच्या डाल्यावर येते, आणि मानेखालची खुंटी, म्हणजे किंगपिन, मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेल्या तबकडीत अडकते. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकांच्या बग्गीचा पुढचा ॲक्सल वळावा म्हणून त्यावर एक आडवी फिरती चकती असे, तेच ते पाचवं चाक. ही जोडणी आपण रोज बघतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून बोरगाव मंजूवरून जे कंटेनर धडधडत जातात, ते याच तत्त्वावर चालतात. खुंटी ॲक्सलच्या डोक्यावर असल्यामुळे वजन गाडीवर नीट बसतं आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलत नाही. जोडणी उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद मागच्या खोक्याचा आहे.

व्हिडिओत दिसणारी खोकी पंचवीस फुटांपासून सुरू होतात आणि चाळिसाच्या पुढे जातात. आत सोफा, फायरप्लेससारखा दिसणारा हीटर (अकोल्यात!), बेटासारखा ओटा, दोन बाथरूम. आणि पुढे जो पिकअप असतो त्याचं डिझेल इंजिन ६.७ लिटरचं असतं. आपल्याकडच्या हौशी पिकअपचं बघा: व्ही-क्रॉसचं १.९ लिटर, हायलक्सचं २.८. व्हिडिओ बघताना ही एक गोष्ट कुणीच बघत नाही. सगळे सोफा बघतात.

इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नंतर सॉफ्टवेअरमधली काही वर्षं यातून मी एक सवय उचलली. एखादी सिस्टीम चांगल्या दिवशी किती छान चालते हे विचारायचं नाही, सगळ्यात वाईट दिवशी काय होतं ते विचारायचं. आमच्याकडे ट्रेलरची लांबी ठरवताना नेमकं उलटं होतं. 'रस्ते आता बघ ना बे कसे झाले,' असं म्हणतात. झाले आहेत, मान्य. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. आनंद आहे. पण त्या ७५ किलोमीटरवर कॅम्पिंग कोण करणार आहे? मूर्तिजापूरच्या फाट्यावर?

माणूस जिथे राहायला जाईल ती ठिकाणं आठवा. चिखलदरा. गाविलगड. नरनाळा, म्हणजे अकोटवरून शहानूरकडे. सालबर्डी, मुक्तागिरी, काटेपूर्णा, लोणार. यातलं एकही चौपदरी रस्त्याला लागून नाही. महामार्ग फक्त फाट्यापर्यंत नेतो. ट्रेलरची लांबी फाट्याच्या पुढचा रस्ता ठरवतो, आणि त्या रस्त्यावरचं सुद्धा एकच वळण, सगळ्यात घट्ट असलेलं.

आता आकडे. कंटाळा करू नका, दहावीचं गणित आहे.

वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत जातात. बैलबंडी हाकणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बंडीत कडबा जास्त लांब भरला की तो कोपऱ्यावर वळण मोठं घेतो. किती आत कापेल ते पायथागोरसने काढता येतं. समजा घाटातल्या एका वळणावर पिकअपची पुढची चाकं १२ मीटर त्रिज्येवरून चालली आहेत. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर. ३६ फुटी ट्रेलरमध्ये खुंटीपासून मागच्या चाकांपर्यंतचं अंतर साधारण ७.५ मीटर धरा. दोन्हींचे वर्ग १२ च्या वर्गातून वजा करा आणि वर्गमूळ काढा. ८.८ येतं. म्हणजे वळण पूर्ण, यू आकाराचं असेल तर ट्रेलरची चाकं पुढच्या चाकांपेक्षा जवळजवळ ३.२ मीटर आतून जाणार. त्यात ट्रेलरची स्वतःची रुंदी २.४ मिळवा. या गाडीला वळणावर साडेपाच मीटर रुंद डांबर लागतं.

आता रस्त्याची मापं. आपल्याकडे एकेरी रस्ता ३.७५ मीटरचा, मधल्या मापाचा ५.५ मीटरचा आणि दुपदरी ७ मीटरचा धरतात. म्हणजे मधल्या मापाच्या रस्त्यावर हा ट्रेलर वळणावर सगळंच्या सगळं डांबर खाऊन टाकतो. दुपदरीवर दीड मीटर उरतं, त्यात मोटरसायकल जाईल, ती पण वरून येणाऱ्याचे ब्रेक चांगले असतील तर. वळणावर रस्ता थोडा रुंद केलेला असतो हे खरं, पण तिथेच भुट्टेवाला उभा असतो, तिथेच सेल्फी असते आणि पावसाळ्यात तिथेच दरड येते.

हेच गणित १८ फुटी ट्रेलरसाठी करा. खुंटीपासून चाकांपर्यंत ३.८ मीटर. उत्तर १०.९५. म्हणजे चाकं एक मीटरभर आत कापतात. रुंदी २.१ ठेवली तर गाडीला सव्वातीन मीटरच्या आत जागा लागते. समोरून गाडी येऊ शकते. एवढाच फरक आहे, आणि एवढाच फरक पुरेसा आहे.

यावर सगळ्यात दमदार प्रतिवाद मला माझ्या मावसभावाने ऐकवला, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. 'दादा, लालपरी बी तर दहा-अकरा मीटर हाय ना. ते जाते का नाही रोज चिखलदऱ्याले? मंग मायाच ट्रेलर काहून अडकन?' प्रश्न बरोबर आहे. ३६ फूट म्हणजे ११ मीटर, एसटीएवढंच. पण एसटी एकसंध आहे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये साडेपाच मीटरच्या आसपास अंतर असतं, पुढचं आणि मागचं नाक चाकांच्या बाहेर लोंबतं. त्याच १२ मीटरच्या वळणावर तिची मागची चाकं दीड मीटरच्या आतच कापतात. ट्रेलरची तीन मीटरच्या वर. शिवाय ट्रेलर ११ मीटरचा म्हणजे गाडी ११ मीटरची नव्हे. पुढे पिकअप आहे, डाल्यावरची मान वजा केली तरी सगळं मिळून १४ मीटरच्या वर जातं. आणि तिसरी गोष्ट गणितात येत नाही: एसटीचा ड्रायव्हर त्या घाटात वर्षानुवर्षं रोज जातो. त्याला कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा ते झोपेत माहीत आहे. ट्रेलर भाड्याने घेणारा हिंजवडीतून शुक्रवारी रात्री निघालेला असणार. माझ्यासारखाच कुणीतरी.

आणि अडकलं तर? एसटी रिव्हर्स घेते. कंडक्टर खाली उतरतो, 'येऊ द्या येऊ द्या' करतो, झालं. सांधा असलेली गाडी मागे घेणं ही वेगळी विद्या आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली मागे लावणारा गावातला पोरगा ती जाणतो: स्टिअरिंग डावीकडे, ट्रॉली उजवीकडे. इथे लांब ट्रेलरच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगायला हवी. सपाट मोकळ्या जागेत लांब ट्रेलर रिव्हर्सला सोपा जातो. तो हळू वळतो, चूक दुरुस्त करायला वेळ देतो. छोटा ट्रेलर पटकन कोन घेतो. पण सपाट मोकळी जागा म्हणजे अमरावतीचं सायन्स कोअर मैदान. घाटात एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला नाली, मागे अठरा गाड्या. तिथे १४ मीटरच्या गाडीला कोन सुधारायला जागाच नसते, मग वेळ मिळून उपयोग काय?

वजनाचं आणखी वाईट आहे. ३६ फुटी खोकं, पाणी-गॅस-सामानासह, पाच-सहा टनांवर सहज जातं. फिफ्थ व्हीलमध्ये त्याचा साधारण पाचवा भाग खुंटीवर येतो. सहा टनांचा पाचवा भाग बाराशे किलो. म्हणजे डबल-कॅब पिकअपच्या छोट्या डाल्यात बारा क्विंटल सोयाबीन भरून, वर चार माणसं बसवून, शिवाय मागे घर ओढायचं. टाटा एसवाला पण यावर हसेल, आणि तो ओव्हरलोडला सहसा हसत नाही.

चढणं तरी इंजिनावर सोडून देऊ. उतरताना काय? परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत साधारण सातशे मीटर चढ आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर. आठ टनांची गाडी तिथून खाली आणायची म्हणजे साडेपाच कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. महावितरणच्या भाषेत पंधरा युनिट. पंधरा युनिट वीज अर्ध्या-पाऊण तासात ब्रेकच्या पत्र्यात आणि इंजिनात जाळून टाकायची, आणि पत्रे लाल होऊ द्यायचे नाहीत. साडेतीन टनांच्या जोडीला हेच काम सात युनिटांच्या आत होतं. वर आपल्याकडची कारागिरी लक्षात घ्या. शेतीच्या ट्रॉल्या बनवणारे वेल्डर अप्रतिम काम करतात, पण त्यांच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक, तेही पिकअपच्या पेडलशी जुळवलेले, हा त्यांचा रोजचा विषय नाही. वर आरटीओची नोंदणी हवी तर नमुन्याला मान्यता लागते. लांबी वाढली की यातली प्रत्येक अडचण वाढते.

'अमेरिकेत चालतं' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. अमेरिकेतही सगळीकडे चालत नाही. ग्लेशिअर नॅशनल पार्कमध्ये 'गोइंग-टू-द-सन रोड' नावाचा प्रसिद्ध डोंगरी रस्ता आहे. त्याच्या मधल्या अवघड टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत, आणि मागे काही जोडलं असेल तर ते धरून २१ फूट. म्हणजे आमच्या व्हिडिओतला हिरो आपलं ४० फुटी घर पायथ्याला लावतो आणि वर वेगळ्या गाडीने जातो. तो भाग व्हिडिओत नसतो किंवा आपण पुढे ढकलतो. चिखलदऱ्याच्या घाटाला अशी फुटाची मर्यादा असावी असं माझं स्पष्ट मत आहे. कॅराव्हॅनला परवानगी, सवलत, पार्क सगळं द्या, पण आधी कुठल्या घाटात किती लांब गाडी जाईल हे पाटीवर लिहा.

का एवढा त्रागा? कारण हे रस्ते फक्त आपले, म्हणजे फिरायला जाणाऱ्यांचे नाहीत. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा, हे आपण वाघाच्या डीपीखाली लिहितो. त्याच मेळघाटात कोरकू गावं आहेत. तिथली कुपोषणाची आणि बालमृत्यूची बातमी आपण शाळेत असल्यापासून वाचतो आहोत. धारणीहून अमरावतीचं इर्विन हॉस्पिटल दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सेमाडोह-घटांग-परतवाडा असा वळणांचा रस्ता. गंभीर पेशंट असेल तर ॲम्ब्युलन्स त्याच रस्त्याने खाली येते. चिखलदरा तालुक्यातली बाई बाळंतपणासाठी अचलपूरला निघाली तर तिलाही घाटच उतरावा लागतो. त्या वळणावर कुणाचं तरी दोन बाथरूमचं घर तिरपं होऊन बसलं आणि मागे-पुढे दोन किलोमीटर गाड्या लागल्या, तर ती अडचण नाही, तो गुन्हा आहे. ट्रॅफिक जॅममधल्या पर्यटकाचा रविवार वाया जातो. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाचं काय जातं ते वेगळं सांगायला नको.

मला कुणी विचारेल की मग कॅम्पिंग करूच नये का. अरे, वऱ्हाडाला कॅम्पिंग शिकवणारे तुम्ही कोण? बहिरमची यात्रा घ्या. परतवाड्याहून बैतुलच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या विसाच्या आसपास सुरू होते आणि महिनाभराच्या वर चालते. आमच्या आबाजींच्या काळात लोक बंड्या आणि दमण्या जुंपून यायचे. तूर-हरभऱ्याची डाळ, कणीक, हंडी, गोधड्या, पोरं, सगळं एका बंडीत. आल्यावर राहुट्या ठोकायच्या, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, आठ-आठ दिवस राहायचं. सातपुड्याच्या थंडीत, तारे बघत. आजही तिथे राहुट्या लागतात. हे कॅम्पिंग नाही तर काय आहे? आणि त्या बंडीची लांबी कुणी कॅटलॉग बघून ठरवली नव्हती. दोन बैल ओढतील, नाल्यातून निघेल आणि गावातल्या बोळीत वळेल, एवढी. दमणीवर छत होतं, ऐसपैस नव्हतं. ऐसपैस बाहेर होतं. राहायला बाहेर यायचं, म्हणूनच तर गावातून निघायचं.

३६ फुटी घरात माणूस बाहेर येतच नाही. एसी लावून आत बसतो. आणि एसीचं म्हणाल तर मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर असतो. उन्हात उभ्या पत्र्याच्या खोक्यात उष्णता त्याच्या सगळ्या बाजूंनी शिरते. ३६ फुटी खोक्याला भिंती-छत-तळ मिळून शंभर चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग, १८ फुटीला साठच्या आत. त्या हिशोबात एसी, त्या हिशोबात जनरेटर, आणि मग रात्रभर त्या जनरेटरचा आवाज जंगलाच्या कडेला. वाघ सोडा, शेजारच्या राहुटीतला माणूस तरी का सहन करेल?

पाण्यावर तर बोलायलाच नको. अकोल्यात नळ किती दिवसांआड येतो हे मी लिहिणार नाही, तुम्हाला पाठ आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा. तिथे बोअरचं पाणी टाकीत भरलं की गीझरची कॉइल काही महिन्यांत पांढरी. आणि वर चिखलदरा तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी जातं. तिथे तीनशे लिटरची टाकी घेऊन जायचं, दोन बाथरूममध्ये आंघोळी करायच्या, आणि संपली की तिथलंच पाणी विकत मागायचं. तो टँकर मग गावातल्या कोणत्या हंड्यांच्या रांगेतून काढून तुम्हाला देणार? हा प्रश्न ट्रेलरवाल्याला पडत नाही, कारण टाकी भरणारा माणूस आणि हंडा घेऊन उभी असलेली बाई एका फ्रेममध्ये येत नाहीत. छोट्या ट्रेलरची टाकी छोटी असते, म्हणून तो आपोआप कमी पाणी मागतो. मोठेपणाला शहाणपण शिकवत बसण्यापेक्षा टाकी छोटी ठेवणं सोपं.

काळ्या मातीचा उल्लेख राहिला. चिखलदऱ्याचा सीझन पावसाळा. पावसाळ्यात खालच्या सपाटीवर साइडपट्टीवर एक चाक उतरलं की काळी माती ते गिळते. दीड टनी ट्रेलर चार माणसं आणि एक ट्रॅक्टर लावून निघतो. सहा टनी निघत नाही. क्रेन येईपर्यंत तो रस्त्याचा भाग होतो.

आता त्या मावसभावाबद्दल, कारण हे सगळं मी हवेत लिहीत नाहीये. तो अकोट तालुक्यातला. त्याच्या घरी सात एकर आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं, तेव्हाच त्याने ठरवलं की शेतीवर लग्न होणार नाही. यात तो चुकीचा नाही. त्याने एका वर्कशॉपमधून ३६ फुटी ट्रेलरचा अंदाज आणला: पिकअप सोडून अठ्ठावीस लाख. मावसाजी दोन एकर विकायला तयार झालेत, रस्त्यालगतचे, विहिरीचे. उरलेल्या पाच एकरांना त्याच विहिरीचं पाणी जातं. फॅमिली ग्रुपवर सगळे अंगठे दाखवत होते. मी आकडे टाकले तर एका काकांनी लिहिलं, 'पुण्याले गेला की पोट्टे असेच भेकड होतात.'

भेकडपणाचा मुद्दा नाही, काकाजी. 'किती मोठ्ठं' याने आमच्या भागाची एक जुनी दुखरी नस दाबली जाते. मुंबई-पुण्याने कायम मागास म्हटलं, म्हणून आपलं काहीतरी असं हवं की बघणाऱ्याने मान वर करून बघावं. मला ती नस कळते, माझ्यातही ती आहे. पण विदर्भाचा अनुशेष फुटपट्टीने भरून निघत नाही. दोन एकर विहिरीसकट गेले आणि ट्रेलर वर्षातून दहा महिने परतवाड्याच्या पेट्रोल पंपामागे उभा राहिला, तर मान वर करून कोण बघणार आहे?

मी त्याला उलट मांडणी दिली आहे. आधी घाट मोज. टेप घेऊन मोटरसायकलवर जा, धामणगाव गढीकडून एकदा आणि घटांगकडून एकदा. सगळ्यात अरुंद वळणावर डांबराची रुंदी घे. ती आली की वरचं सूत्र उलटं लाव, खुंटीपासून चाकापर्यंत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते निघतं. त्यातून खोक्याची लांबी. मग वजन: डाल्याची क्षमता, त्यातून माणसं वजा, उरेल त्याच्या पाचपट ट्रेलर, त्याहून एक किलो जास्त नाही. सोफा, ओटा, पलंग, टीव्ही यांचा क्रमांक यानंतर. माझ्या अंदाजाने १७ ते १९ फुटांच्या मध्ये उत्तर येईल, वजन दीड टनाच्या आसपास. झोपायची जागा मानेच्या वरच्या पोटमाळ्यात, म्हणजे डाल्यावरची जागा वाया जात नाही. स्वयंपाक बाहेर, मागचं दार वर उघडून. एकच बाथरूम, तेही बसून आंघोळ करण्यापुरतं. एसी छोटा. ज्याला हे अपुरं वाटेल त्याच्यासाठी चिखलदऱ्यात हॉटेलं आहेत.

यावर तो म्हणतो की १८ फुटांचं भाडं कोण जास्त देईल. कमीच देतील. पण १८ फुटी ट्रेलर नरनाळ्याच्या पायथ्याला जाईल, सालबर्डीला जाईल, बहिरमला महिनाभर उभा राहील आणि लोणारला पण पोचेल. ३६ फुटी एका जागी उभा राहील, आणि एका जागी उभ्या राहणाऱ्या घराला चाकं कशाला लावायची? तेवढ्या पैशात त्याच जागी दोन खोल्या बांध, विटांच्या. त्यांना आरटीओ पण लागत नाही. हे मी चिडून म्हटलं असलं तरी गंभीरपणे म्हटलं आहे. मावसाजींना ही दुसरी कल्पना जास्त आवडलेली दिसते, कारण त्यात विहीर राहते.

गेल्या रविवारी तो टेप घेऊन घटांगला गेला होता. मापं त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली आहेत, एका वळणाचा फोटो पण आहे, त्यात टेप धरायला उभा राहिलेला त्याचा मित्र दिसतो आणि मागे थांबलेली एसटी. त्या वळणावरून माझ्या हिशोबाने १८ फूट ४ इंच निघतात. तो वीस म्हणतो. ट्रेलरची चाकं सहा इंच पुढे सरकवली तर काय होतं ते आम्ही आता बघतो आहोत. चाकं पुढे घेतली की आत कापणं कमी होतं, पण मागचं शेपूट बाहेर जास्त झुकतं आणि खुंटीवरचं वजन पण घटतं.